मास्तरांचा हात

४ फेब्रुवारी, मंगळवार

इमारतीच्या सेक्रेटरींनी आज जिन्यात गाठलं. गच्चीची गळती थांबवायचं काम निघालंय. पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या खांबापर्यंत ताणलेली ती तांब्याची तार कुणाची, आणि काढली तर चालेल का, असं विचारत होते. ‘काढा की’ एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "छे छे, वापरात आहे ती!"

सतरा वर्षांत कावळ्यांखेरीज त्या तारेचा कुणी वापर केलेला नाही.

"कशासाठी वापरता?" सेक्रेटरी.

"रेडिओसाठी. हौशी रेडिओ. रीतसर परवाना आहे माझ्याकडे."

परवान्याचं मात्र खरं आहे. रेडिओला हात लावला नाही, पण दर पाच वर्षांनी अर्ज भरून परवाना तेवढा जिवंत ठेवला. हिलाही कधी बोललो नाही. का ठेवला, विचाराल तर मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी हिला जिन्यातला प्रसंग सांगितला. चहा गाळता गाळता म्हणाली, "मग आता लावा तो रेडिओ. खोटं बोललात ते खरं तरी करा."

म्हणून ही जुनी वहीही काढली. तेव्हा रेडिओ आणि दैनंदिनी दोन्ही एकदमच सुटलं होतं. जुनी पानं पाहिली तर पानाला वीस ओळी, अक्षर टपोरं. आज तेवढ्याच पानात तीस बसताहेत. उतारवयात माणूस काटकसरी होतो म्हणतात ते खोटं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माळ्यावरून सेट खाली काढला. मुलगी-जावई आले होते. जावई नको नको म्हणत असताना स्वतः शिडीवर चढलो, आणि वर गेल्यावर त्यालाच हाक मारावी लागली. मुलगी खालून म्हणाली, "बाबा, तुम्ही उतरा बघू आधी." या घरात माझ्या शब्दाला किती किंमत आहे ते एकदा लिहून ठेवलं पाहिजे.

सेट चालू झाला! धूळ पुसली, तारांचे दोन सुटलेले जोड नव्याने डाख देऊन पक्के केले (शर्टाची बटणं लावायला लागतो त्याहून कमी वेळ लागला, म्हणजे बटणांना हल्ली फारच वेळ लागतो), आणि दिवा लागला. पूर्वी हा तापला की वार्निशचा एक वास यायचा. मला तो फार आवडायचा. अर्धा तास नाक लावून बसलो, काही नाही. सेटही म्हातारा झाला, म्हटलं. एवढ्यात ही पदर नाकाला लावून आली. "केवढा वास सुटलाय! खिडकी तरी उघडा." बायकांचं नाक म्हणजे अजबच.

मोर्सची कळ मात्र ताठ झालीय. ही कळ बोटांनी दाबून टिंब आणि रेघा वाजवायच्या, त्यांची अक्षरं होतात, अक्षरांचे शब्द, आणि ते दुसऱ्या कुठल्या तरी घरात कुणी कान लावून लिहून घेतो. बोलायची सोय असलेल्या सेटवरही आम्ही जुनी मंडळी कळच वाजवायचो. प्रत्येकाचा हात निराळा असतो. नाव सांगायच्या आधी, दोन शब्दांत माणूस ओळखू येतो. माझ्या हाताला लोक ‘छापील’ म्हणायचे. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो म्हणून, आणि हात तसाच होता म्हणूनही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, पण स्वतःची चूक कधी पुढे जाऊ दिली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सातची रविवारची बैठक अजून भरते. मला वाटलं होतं, सगळे गेले असतील. जागोजागीची दहाबारा माणसं रेडिओचा काटा एकाच ठिकाणी लावून बसतात, एकजण हजेरी घेतो, मग ज्याला जे सांगायचं ते. हल्ली हजेरी एक दातांचा डॉक्टर घेतो. तरुण आहे, हात स्वच्छ आहे.

मी हजेरी लावली. त्याने विचारलं, पुन्हा सांगा. सांगितलं. पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा माझं सांकेतिक नाव कसंबसं त्याला लागलं. मग सौजन्याने म्हणाला, काका, स्वागत, आज हवा खराब आहे. हवा अगदी स्वच्छ होती. बाकीच्यांचा एकेक ठोका मला ऐकू येत होता. पण आजकालच्या मंडळींना कॉम्प्युटरने वाजवलेलं ऐकायची सवय, माणसाचा हात त्यांना कसा कळणार!

कळ चिकटतेय असं मी मोठ्याने म्हणालो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मास्तर नव्हते. मी विचारलंही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहून टाकतो. ही वही कुणी वाचत नाही.

मास्तर म्हणजे लांबच्या एका गावातले गणिताचे शिक्षक. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. अकरा वर्षं दर रविवारी बैठक संपली की आम्ही दोघं काटा जरा सरकवून बाजूच्या एका मोकळ्या जागेवर जायचो आणि तास तासभर कळ वाजवत गप्पा मारायचो. मला ते ‘छापखाना’ म्हणायचे. मुलीचं लग्न ठरलं ते हिच्या माहेरच्यांआधी मास्तरांना कळलं. एकदाही भेट नाही, एकदाही फोन नाही. आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही, पण शंभर माणसांत त्यांचा हात ओळखला असता.

शेवटच्या वर्षी त्यांचा हात बिघडत गेला. टिंबं एकमेकांवर चढायची, रेघ मध्येच तुटायची. आठ महिने मी ते ऐकत होतो आणि मनातल्या मनात दुरुस्त्या करत होतो. जित्याची खोड. मग एका रविवारी, भर बैठकीत, वीसेक माणसं ऐकत असताना त्यांनी एकच वाक्य चारदा चुकवलं. आमच्यात रिवाज असा की पलीकडचा कसा ऐकू येतो ते आकड्यात खरं खरं सांगायचं. मी सर्वात खालचा आकडा दिला. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला विनोद सुचला. मी वाजवलं: "मास्तर, हाताला शिकवणी लावा."

चारपाच जणांनी हसण्याची खूण वाजवली. मला बरं वाटलं, हेही लिहितो.

मास्तरांनी निरोपाचा ठरलेला आकडा वाजवला. तोही नीट जमला नाही. त्यानंतर ते बैठकीत आले नाहीत.

मी वाट पाहिली. बैठकीत नाही, तर आमच्या त्या बाजूच्या जागेवर. तीन महिने दर रविवारी काटा लावून, कानाला हेडफोन लावून बसलो. कळ दाबली नाही. म्हटलं, रुसले ते आहेत, आधी त्यांनी हाक मारावी. आणि खरं तर ‘माफ करा’ म्हणायची लाज वाटत होती. एक पत्र लिहायला घेतलं, त्यात मायन्याचीच तीन मुद्रितं झाली. मग रागाने सगळंच माळ्यावर टाकलं. राग कुणावर, ते आजही नीट सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कळीची स्प्रिंग बदलली. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. तरी दातवाला म्हणाला, काका, जरा सावकाश. मी सावकाशच वाजवतोय! मनातल्या मनात छापील वाजतं आणि बाहेर भलतंच पडतं. नवीन कळ मागवावी लागणार.

हिचा गुडघा दुखतोय. "डॉक्टरकडे जायचंय, तुम्हीही चला सोबत," असं तिसऱ्यांदा म्हणाली. गुडघा तिचा, मी कशाला? काल तर जिने भराभर चढत होती. आणि मुलगीही फोनवर म्हणते, "बाबा, आईबरोबर जाच." दोघींचं काय शिजतंय कळत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दातवाल्याला फोन केला. बाजूला त्याच्या यंत्राची घरघर चालू होती आणि कुणी बिचारा आ वासून बसला असणार. मास्तरांबद्दल विचारलं. त्याच्या वेळचे नाहीत ते. पण जुनी यादी आहे, म्हणाला, आणि संध्याकाळी नंबर पाठवला.

नंबर दिवसातून सहा वेळा पाहतो. पाठ झालाय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फोन केला. बाईंनी उचलला. मी फक्त ‘छापखाना’ म्हणालो आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई! भावजी!" जसं काही कालच बोललो होतो.

मास्तर आहेत. नाहीत असं ऐकायची तयारी करून बसलो होतो, त्यामुळे आहेत म्हटल्यावर डोळ्यांत पाणीच आलं. पण वहिनी पुढे बोलत राहिल्या. कंपवात आहे. अंथरुणातून खुर्ची, खुर्चीतून अंथरूण. बोलणं इतकं हळू झालंय की कान तोंडाशी न्यावा लागतो. गेल्या महिन्यात छातीत कफ होऊन बारा दिवस दवाखान्यात होते. "आता पुन्हा तसं झालं तर अवघड आहे, असं डॉक्टर बोललेत," त्या म्हणाल्या.

कधीपासून, मी विचारलं.

"सुरुवात तुमच्या वेळचीच की हो. हात थरथरायचा. पण दाखवायला नको म्हणायचे. कुणीतरी त्यांना शिकवणी लावा म्हणालं होतं म्हणे, चारचौघांत. पाठवायचं यंत्र त्यांनी शाळेला देऊन टाकलं. म्हणाले, आपल्या हाताचा लोकांना त्रास नको. कळ तेवढी ठेवली. शाळेतून आले की ती घेऊन बसायचे. नुसतीच वाजवायचे. शिकवणी चालू आहे म्हणायचे. दोन वर्षं अशी गेली, भावजी. मग जेवताना घास पडायला लागला तेव्हा कुठे डॉक्टर."

"कोण म्हणालं होतं?" मी विचारलं. हे मीच विचारलं.

"कधी सांगितलं नाही. खूप विचारलं मी. म्हणाले, चांगला माणूस आहे, जाऊ दे."

त्या सांगत राहिल्या. ऐकायचा रेडिओ अजून आहे. रविवारी सातनंतर त्या खुर्ची त्याच्याजवळ नेतात. काटा एकाच जागी, कुणाला हलवू देत नाहीत. "तिथे काहीच लागत नाही हो, नुसती खरखर. पण बसतात. म्हणतात, छापखाना कधीतरी येईल."

म्हणजे ते तीन महिने तिकडे ते ऐकत बसले होते आणि इकडे मी. त्यांच्याकडे हाक मारायला यंत्र नव्हतं. माझ्याकडे होतं.

मी रविवारी रेडिओवर त्या जागी येतो, असं वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं होईल. ते कानाने अजून सगळं टिपतात, एकेक अक्षर ओठांनी सांगतात, आणि मी पेन्सिलीने लिहून घेते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट आठवली आणि दिवसभर जेवण गेलं नाही. त्या शेवटच्या वर्षी एका रविवारी ही चहा घेऊन खोलीत आली, उभी राहिली आणि म्हणाली, "आज मास्तरांचं असं अडखळत का वाजतंय? बरं नाही का त्यांना?" हिला मोर्समधलं एक अक्षर येत नाही. मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं!"

आज तिला विचारलं, तुला आठवतं का? म्हणाली, आठवतं. एवढंच. आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२ मार्च, रविवार

गेलो नाही. म्हणजे काटा लावला, सगळं तयार होतं, सात वाजून वीस मिनिटं झाली होती. पण आधी सरावासाठी सेट बंद ठेवून चार ओळी वाजवून पाहिल्या आणि त्या इतक्या घाणेरड्या वाजल्या की माझं मलाच लागेना. मास्तरांना सतरा वर्षांनी असला हात ऐकवायचा? एक आठवडा सराव करतो, नवीन कळही येईल, मग स्वच्छ हाताने माफी मागतो, असं ठरवलं.

दुसरंही आहे. जे वाजवीन ते वहिनींच्या पेन्सिलीतून उतरणार. तो चांगला माणूस कोण, ते त्यांना एकेक अक्षराने कळणार.

५ मार्च, बुधवार

वहिनींचा फोन. रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "रविवारी दहापर्यंत बसले होते, भावजी. मी म्हटलं, आता अंथरुणावर पडा. नाही म्हणाले. काल ताप भरला. आज उतरलाय."

मी म्हणालो, माझी कळ नादुरुस्त आहे.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "तुमची मुद्रितं तपासून होईपर्यंत माणूस जाईल." तिला एवढं चिडलेलं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि बरोबर बोलत होती. हात स्वच्छ करून मग माफी मागायची ही माझी जुनीच युक्ती आहे. पत्राचंही हेच झालं होतं. नवीन कळ आलीय. तीही तशीच वाजते, म्हणजे तीही बेकारच निघाली.

९ मार्च, रविवार

सात वाजून पाच मिनिटांनी आमच्या जागेवर गेलो. खरखर. त्यांना हाक मारली, माझं नाव दिलं. उत्तर येणार नव्हतं, त्यांच्याकडे वाजवायला काही नाही. तिथे कुणी आहे हे नुसतं धरून चालायचं होतं. तेवढं मला सतरा वर्षांपूर्वीही करता आलं असतं.

वाजवलं. "मास्तर, मी छापखाना. शिकवणी लावा म्हणालो तो मीच. वहिनींनाही कळू दे. तुमचा हात बिघडलेला मला ऐकू आला, तुम्ही आजारी आहात ते ऐकू आलं नाही. तुम्ही गेल्यावर तीन महिने मी इथेच गप्प बसून होतो. माझ्या थट्टेपायी तुमची दोन वर्षं गेली. माफ करा."

चार ओळींचा मजकूर, पंचवीस मिनिटं लागली. चुकलेला प्रत्येक शब्द पुन्हा वाजवला. ‘माफ’ तर तीनदा. शेवटी बोटं ऐकेनात तेव्हा डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि निरोपाचा आकडा वाजवला. ही दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

नऊला फोन वाजला. वहिनी होत्या.

"भावजी, लिहून घेतलं मी सगळं."

मी म्हणालो, "वहिनी, मी तुमच्याशी..."

"माझं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला वेळ लागेल. पण त्यांना तुम्हाला काही विचारायचंय, आणि ते विचारल्याशिवाय मला फोन ठेवू देत नाहीयेत. थांबा." मग पलीकडे कुजबुज, नुसती हवा हलल्यासारखी. मास्तरांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. शब्द एकही लागला नाही. वहिनी सांगू लागल्या.

"ते म्हणताहेत, माफी पोचली. ते म्हणताहेत... तुमचा हात कधीपासून असा आहे?"

मी म्हणालो, "सराव सुटला ना, वहिनी. शिवाय कळ..."

"नाही म्हणताहेत. मान हलवताहेत. म्हणताहेत, हे सरावाचं नाही, मला ओळखू येतं. मीही सरावच करत बसलो होतो. तू उद्याच डॉक्टरांकडे जा, छापखाना."

हिने येऊन माझ्या हातातून फोन घेतला आणि वहिनींना म्हणाली, "वर्ष झालं. उजव्या हाताला आधी आलं. मी नेते त्यांना उद्या." अगदी शांतपणे. जशी काही हे वाक्य कुणीतरी विचारण्याची वाट पाहत वर्षभर तोंडात धरून बसली होती. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि तो हात आपल्या मांडीवर घेतला.

पंचवीस मिनिटं माझा हात ऐकून मास्तरांनी एकही चूक काढली नाही. फक्त विचारलं, कधीपासून असा आहे. मी त्यांचा हात आठ महिने ऐकला होता. मलाही तेवढंच विचारायचं होतं.